ड्रॅगन सोपा, झोळी अवघड

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' 23 नोव्हेंबर 2004 ला अमेरिकेत सुरू झाला. तेव्हापासून लाखो माणसं अझरॉथ नावाच्या जगात तलवारी परजत हिंडताहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचा बहुतेक वेळ झोळी आवरण्यात गेलेला आहे. जाहिरातीत हे सांगत नाहीत. जाहिरातीत ड्रॅगन असतो, त्याच्या नाकपुड्यांतून धूर निघत असतो आणि समोर स्वतःपेक्षा लांब तलवार घेतलेला एक देखणा गडी ठाम उभा असतो. त्या गड्याच्या पाठीवरच्या झोळीत सोळाच खण आहेत आणि त्यांतले निम्मे रानडुकराचे तुटके सुळे, कोळ्यांचे चिकट पाय आणि मेलेल्या दरोडेखोरांच्या विजारी यांनी भरलेत, हे आत गेल्यावर कळतं.

हा लेख आत गेलेल्यांसाठी आहे. त्यातही 'क्लासिक'वाल्यांसाठी. झालं असं की, वर्षानुवर्षं खेळात सुखसोयी वाढत गेल्या. नकाशावर बाण आले, घोडा लवकर मिळायला लागला, सोबती आपोआप जमायला लागले. मग जुन्या खेळाडूंना जुन्या हालांची आठवण व्हायला लागली. ते हाल परत द्या म्हणून त्यांनी असा धोशा लावला की ऑगस्ट 2019 मध्ये ब्लिझर्ड कंपनीने जुना खेळ मूळच्या गैरसोयींसकट 'क्लासिक' या नावाने पुन्हा उघडला. आपल्याकडे तेव्हा 27 तारखेची पहाट होती, साडेतीनची. सर्व्हरच्या दाराशी हजारोंची रांग. ती संपवून आत जावं तर आतही रांग, कारण क्वेस्टसाठी मारायचा राक्षस एक आणि मारणारे मायंदाळ. युद्ध, लूट आणि विश्वासघात यांवर उभ्या असलेल्या त्या जगात माणसं एकामागे एक शिस्तीत उभी राहून, आपला नंबर आल्यावरच राक्षसाचा मुडदा पाडत होती. मध्ये घुसणाऱ्याला मागचे झापत होते. राक्षसाचं मत कुणी विचारलं नाही.

आत गेल्यावर पहिला प्रश्न पडतो, व्हायचं कोण? नऊ प्रकार आहेत. नवखा डोळे मिटून वॉरियर होतो. ढाल घ्यायची, तलवार घ्यायची आणि हाणत सुटायचं, असा त्याचा समज असतो. क्लासिकमध्ये एकट्या वॉरियरच्या अंगावर दोन रानडुकरं एकदम आली तर त्याची पंचाईत होते. त्याला स्वतःच्या जखमा भरता येत नाहीत, लांबून नीट मारता येत नाही, पळता तर मुळीच येत नाही. शिवाय सगळी भिस्त हत्यारावर. चांगली तलवार हवी तर पैसे हवेत, पैसे हवेत तर डुकरं मारायला हवीत आणि डुकरं मारायची तर चांगली तलवार हवी. या चक्रात सापडून कित्येक शूर वीर लेव्हल बारा-तेराच्या आसपास कायमचे बेपत्ता झालेत.

एकट्याने खेळायचं असेल तर हंटर व्हा. दहाव्या लेव्हलला एखादं जनावर माणसाळवता येतं. ते पुढे जाऊन चावतं, मार खातं, मरतं. आपण मागे उभं राहून बाण सोडायचे. त्याला खायला घाला, ते उपाशी राहिलं तर नाराज होतं आणि फारच नाराज झालं तर सोडून जातं. हंटरची खेळात एक बदनामी मात्र आहे, ती आधीच सांगून ठेवतो. लुटीत काहीही निघो, काठी, कुऱ्हाड, तलवार, भाला, 'हे हंटरच्या कामाचं आहे' असं म्हणणारा एक हंटर प्रत्येक टोळीत असतोच. तो तुम्ही होऊ नका. कारण तो सगळ्यांच्या लक्षात राहतो.

मेज म्हणजे जादूगार, आणि जादूगार म्हणजे चालतीबोलती पाणपोई. हवेतून पाणी आणि पाव काढण्याची विद्या फक्त त्याच्याकडे. मंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाचा माना, म्हणजे मंत्रशक्ती, सारखा संपतो, तो भरायला बसून पाणी प्यावं लागतं आणि दुकानातलं पाणी महाग. त्यामुळे आगीचे गोळे फेकून शत्रूची राख करायची स्वप्नं बघत आलेला मेज दिवसभर अनोळखी माणसांना पाणी वाढत असतो. काही लोक 'प्लीज' म्हणतात, बरेच नुसतं 'पाणी' म्हणतात. वॉरलॉकचा ताप निराळा. तो लांबच्या सोबत्याला जादूने जागेवर बोलावून घेऊ शकतो, पण त्यासाठी हाताशी आणखी दोघं लागतात आणि एक आत्म्याचा तुकडा खर्ची पडतो. हे तुकडे मरणाऱ्या शत्रूकडून गोळा करून ठेवायचे. प्रत्येक तुकडा झोळीत एक पूर्ण खण अडवतो. सैतानाशी करार केलेला तो काळा जादूगार प्रत्यक्षात खणांच्या टंचाईने गांजलेला असतो.

मित्र नसतील आणि हवे असतील तर प्रीस्ट व्हा. बरं करणाऱ्याला अझरॉथमध्ये कुणी नाही म्हणत नाही. टोळी जिंकली तर टँकचं, म्हणजे पुढे उभं राहून मार खाणाऱ्याचं, कौतुक होतं आणि हरली तर प्रीस्टला 'लक्ष कुठे होतं?' विचारतात, एवढं सोसायची तयारी ठेवा.

आता क्वेस्ट, म्हणजे कामगिऱ्या. माणसाच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह दिसलं की तो तुम्हाला काहीतरी आणायला पाठवणार. कुठलं काम घ्यावं याचा एक नियम मला माझ्या भाच्याने शिकवला. मला या जगात ओढणारा तोच. तो म्हणाला, "मामा, 'दहा मार' म्हणाले तर घे. 'चार आण' म्हणाले तर विचार कर." दहा मारायचे असले की दहा मारून काम होतं. चार आणायचे असले की किती मारावे लागतील हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. बॅरन्स नावाच्या माळावर झेव्रा नावाचं झेब्र्यासारखं जनावर चरत असतं आणि क्रॉसरोड्सची एक बाई त्याचे चार खूर आणायला सांगते. चार खूर म्हणजे एक झेव्रा, असं शाळेत शिकलेल्या माणसाला वाटतं. तुम्ही एक मारता. खूर नाही. दुसरा मारता, तरी नाही. तिसऱ्याला एक निघतो. बाकीचे झेव्रे इतका वेळ कशावर उभे होते हा प्रश्न वीस वर्षं अनुत्तरित आहे. त्याच माळावर मॅन्क्रिक नावाचा एक ऑर्क आपल्या हरवलेल्या बायकोचा शोध घ्यायला लावतो. ती कुठे सापडेल हे तो नेमकं सांगत नाही, त्यामुळे बॅरन्सच्या चॅटमध्ये 'मॅन्क्रिकची बायको कुठाय' हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला की त्याचा जगभर विनोद झाला. पठ्ठ्या स्वतः मात्र जागेवरून हलत नाही.

अशी कामं टाळता येत नाहीत, पण एकत्र बांधता येतात. एका गावातल्या सगळ्या क्वेस्ट आधी घ्या, एकाच फेरीत होतील तेवढ्या करा आणि मगच परत या. परतीसाठी प्रत्येकाकडे हर्थस्टोन नावाचा दगड असतो. तो तुम्हाला ठरवलेल्या सरायीत क्षणात पोचवतो, पण मग तासभर पुन्हा चालत नाही. म्हणून जाताना चाला, येताना दगड वापरा. उलट करणारे सगळ्यात लांबच्या जंगलात झोळी भरून उभे असतात आणि घड्याळ बघत असतात.

लढाईचं बोलू. माणसासारखे दोन पायांवर चालणारे शत्रू मरायला टेकले की पळतात. आपण जिंकलो या आनंदात त्यांना पळू दिलं की ते जाऊन भावकीला घेऊन येतात. यात मरलॉक सगळ्यात वाईट. हा बेडूक आणि मासा यांच्या मधला प्राणी पाण्याच्या काठी खोपटी बांधून राहतो आणि घशात पाणी गुळगुळवल्यासारखा आवाज काढतो. तो आवाज एकदा आला तर एक मरलॉक आहे असं समजू नये. पळणाऱ्याला मंद करणारा मंत्र किंवा वार राखून ठेवा आणि तो चौथाई जीवावर आला की वापरा. तेही जमत नसेल तर काठापासून लांब ओढून आणून लढा, म्हणजे त्याला पळायला जास्त अंतर लागेल. बाकी मरलॉकच्या वस्तीत मधोमध जाऊन पेटी उघडायचा मोह ज्याला आवरत नाही त्याला कुठलीच युक्ती वाचवू शकत नाही.

हॉगरची गाठ मात्र प्रत्येकाला पडलीच पाहिजे. एल्विन जंगलाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, वेस्टफॉलच्या हद्दीजवळ, तरसाच्या तोंडाचा हा नॉल असतो. जवळच्या चौकीच्या फलकावर त्याला पकडण्याची जाहिरात लावलेली असते. लेव्हल अकरा, आणि चित्राभोवती सोनेरी महिरप. ती महिरप म्हणजे 'एलिट', म्हणजे एकट्याने येऊ नये. नवखा नववी-दहावी गाठून तिथे जातो, लांबून बघतो, हॉगर एकटाच येरझाऱ्या घालत असतो. एवढासा दिसतो! पहिला वार छान बसतो. हॉगरचा दुसरा वार बसतो तेव्हा आपला जीव निम्म्यावर आलेला असतो. तिसऱ्याला आपण वळून पळत असतो, पाठीवर तो, आणि पळण्याच्या वाटेवर दुसरे दोन नॉल उगाच सामील झालेले. झाडामागून एक अनोळखी बुटका ड्वार्फ हे सगळं बघत उभा असतो. तो मदतीला येत नाही, कारण तुम्ही आधी मारल्यामुळे हॉगरच्या नावावर तुमचा शिक्का बसलाय. तुम्ही मेलात की शिक्का निघेल आणि मग तो मारेल. हे समजलं की त्या ड्वार्फचा राग जातो आणि युक्ती कळते. त्याला आधीच 'येतोस का बरोबर?' विचारायचं. एकाच टोळीत असलं की हॉगरचा पंजा प्रत्येकाला मिळतो. तिघं असले की पाच सेकंदांचा फडशा. हॉगरचं आकर्षण इतकं की लोक पहिल्या लेव्हलची चाळीस पात्रं जमवून निव्वळ हौसेखातर त्याच्यावर चाल करून जातात. बरेच मरतात, आणि पुन्हा येतात.

मरण हा विषय आलाच आहे. अझरॉथमध्ये मेलेला माणूस स्मशानात भूत होऊन उठतो आणि आपल्याच मुडद्यापर्यंत धावत जातो. तिथे पोचला की जिवंत. अंगावरच्या चिलखताची दहा टक्के झीज होते, लोहाराला पैसे द्यावे लागतात, संपलं. धावायचा कंटाळा असेल तर स्मशानातली देवदूत बाई जागच्या जागी उठवते, पण झीज पंचवीस टक्के आणि वर अशक्तपणा, तोही मोठ्या लेव्हलला दहा मिनिटांचा. त्या दहा मिनिटांत माणूस सशालाही भारी नसतो. भाचा म्हणतो, "मामा, धाव. तेवढाच व्यायाम." माझे पाय टेबलाखाली असतात हे त्याला दिसत नाही. ज्यांना हेही मरण फार स्वस्त वाटलं त्यांच्यासाठी 2023 मध्ये हार्डकोर सर्व्हर निघाले. तिथे मेलं की मेलं. महिन्यांची मेहनत एका मरलॉकपायी जाते. तिथली माणसं पुलावरून चालतानाही कठड्यापासून लांब राहतात.

आणि आता खरा विषय, झोळी. माझं स्पष्ट मत आहे की या खेळात यशस्वी होणं म्हणजे काय टाकायचं हे कळणं. शत्रूकडून निघालेल्या वस्तूचं नाव राखाडी अक्षरांत असेल तर ती भंगार, दुकानदाराला विकायची. पांढरी असेल तर उपयोगाची असू शकते. हिरवी चांगली, निळी दुर्मीळ, जांभळी दिसली तर आरडाओरडा करायला हरकत नाही. हे पहिल्या दिवशी कळतं. तरी साठाव्या लेव्हलचा माणूस एक पांढरा मासा 'कधीतरी लागेल' म्हणून तीन महिने सांभाळतो. मासा नासत नाही, हा त्या जगाचा मोठा दोष आहे. नासला असता तर निर्णय झाला असता.

पहिली खरेदी तलवारीची करू नका, बॅगेची करा. तागाच्या कापडाची लहान बॅग शिंपी लोक स्वस्तात विकतात. चार बॅगा लावता येतात. मग बँक म्हणून एक दुसरं पात्र उघडा, पहिल्या लेव्हलचं, शहराबाहेर कधीही न पडणारं. त्याला टपालाने सामान पाठवत राहायचं. शहराच्या टपालपेटीजवळ चित्रविचित्र नावांची, फाटक्या कपड्यांतली पहिल्या लेव्हलची जी गर्दी दिसते ती भिकाऱ्यांची नव्हे. ती शहरातली सगळ्यात श्रीमंत मंडळी आहे.

शंभर तांब्यांचं एक चांदीचं नाणं, शंभर चांदीचं एक सोन्याचं. चाळिसाव्या लेव्हलला घोड्यावर बसायचं तर शंभराच्या आसपास सोन्याची नाणी लागतात आणि साठाव्याला जलद घोड्यासाठी हजार. त्यामुळे एकोणचाळिसाव्या लेव्हलची माणसं फार चिक्कू असतात, त्यांच्याकडे उसने मागू नयेत. पैसे कमवायचा मार्ग साधा आहे, पण अहंकार आड येतो. मुख्य धंदे दोनच शिकता येतात. जो तो लोहार होतो, कारण स्वतःच्या हाताने तलवार घडवायची असते. मग धातू विकत घेतो, शिकताना कुणालाही नको असलेले पट्टे आणि हातमोजे बनवतो आणि कफल्लक होतो. शहाण्याने खाणकाम आणि कातडी सोलणं शिकावं, किंवा औषधी वनस्पती खुडाव्यात आणि सगळा कच्चा माल त्या लोहाराला विकावा. जनावराच्या अंगावरची लूट कुणी उचलल्याशिवाय त्याचं कातडं सोलता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. फडतूस लूट तशीच टाकून पुढे जाणाऱ्याला मागचा सोलणारा मनातल्या मनात लाखोली वाहतो.

विक्री ऑक्शन हाउसमध्ये. या जगात खेळाडू दोन शत्रू बाजूंत वाटलेले असतात. आपल्या बाजूच्या शहरात विकलं तर किमतीतले पाच टक्के कापले जातात. दोन्ही बाजूंच्या लोकांना चालणारी तटस्थ ठिकाणं बूटी बे, गॅजेटझॅन आणि एव्हरलुक इथे आहेत. ती गॉब्लिन चालवतात आणि पंधरा टक्के घेतात. शत्रूशी व्यापार करायची हीच एक जागा असल्यामुळे लोक मुकाट्याने देतात. माल कधी विकावा? सगळे खेळायला येतात तेव्हा, म्हणजे रविवारी. विकत कधी घ्यावा? सगळे कामावर गेले की, मंगळवारी सकाळी. तुम्हीही कामावर असता ही गोष्ट निराळी.

एक विश्रांतीचा नियम आहे, तो मला फार आवडतो. सरायीत किंवा शहरात जाऊन खेळ बंद केला, की तुम्ही नसतानाही तुमचं पात्र आराम करतं आणि पुढच्या वेळी राक्षस मारल्यावर दुप्पट अनुभव मिळतो. उघड्या रानात बंद केलात तर हाच आराम चौपट सावकाश जमतो. दहा दिवस फिरकला नाहीत तर दीड लेव्हलपर्यंतची ही शिल्लक साठते. याची जन्मकथा गमतीची आहे. खेळ तयार होत असताना चाचणीत नियम उलटा मांडला होता: फार वेळ खेळलात की तुम्ही थकता आणि अनुभव निम्मा मिळतो. खेळाडू खवळले, ही शिक्षा कशाबद्दल? कंपनीने आकडे जवळपास तेच ठेवून नावं बदलली. थकलेला झाला सर्वसाधारण, सर्वसाधारण झाला विश्रांत. सगळे खूश! करवसुलीवाल्यांनी अभ्यासावी अशी ही गोष्ट आहे.

इतकं करून सरळ माणूस साठाव्या लेव्हलला शंभर-दोनशे तास खेळून पोचतो. 2019 च्या ऑगस्टात जगात पहिला साठावर पोचलेल्या मेजने ते ऐंशी तासांच्या आत, जवळजवळ सलग केलं. तो मार्ग मी सुचवत नाही.

मग टोळीने खेळायचं. टोळीत पाच: एक टँक, एक हीलर, तीन मारणारे. टँकचं काम शत्रूला स्वतःवर रागावलेलं ठेवणं. प्रत्येक शत्रूकडे एक यादी असते, कुणी आपल्याला किती छळलं याची. त्या यादीत जो वर त्याच्यावर तो धावतो. बरं करणाराही यादीत असतो, कारण राक्षसांना दुसऱ्याचं भलं झालेलंही खपत नाही. जवळून लढणाऱ्याने टँकच्या 110 टक्क्यांपुढे आणि लांबून मारणाऱ्याने 130 टक्क्यांपुढे राग ओढवला की राक्षस वळला समजा. म्हणून टँकला आधी दोन-तीन घाव घालू द्यावेत, मग सुरुवात करावी. ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात न पाळली जाणारी युक्ती आहे. मेज आधी मोठा आगीचा गोळा फेकतो, मग राक्षस त्याच्याकडे येतो, मग तो टँककडे धावत यायच्या ऐवजी उलट्या दिशेला पळतो, आणि मग चॅटमध्ये लिहितो, 'टँक???'

अशा सगळ्या घाईचा मूळ पुरुष लिरॉय जेंकिन्स. मे 2005 मधली चित्रफीत आहे. ब्लॅकरॉक पर्वताच्या वरच्या भागात ड्रॅगनच्या अंड्यांनी भरलेली एक खोली. बाहेर टोळी उभी राहून गंभीरपणे मसलत करतेय: कोण कुठे उभं राहील, कोण कधी मंत्र टाकेल. एक जण तर वाचण्याची शक्यता दशांश चिन्हासकट सांगतो. लिरॉय जेवण आणायला उठलेला. तो परत येतो, काही ऐकत नाही, स्वतःचंच नाव लांबवून ओरडतो आणि आत घुसतो. मागून बाकीचे, 'आता गेलाच आहे तर' म्हणत. सगळ्यांची राखरांगोळी. पुढे उघड झालं की तो सगळा ठरवून केलेला फार्स होता आणि अति-नियोजनाची टर उडवायची होती. पण उपयोग झाला नाही. पुढे खेळात त्याच खोलीतली पन्नास पिल्लं पंधरा सेकंदांत मारणाऱ्याला 'जेंकिन्स' हा किताब देऊ लागले आणि तो मिळवण्यासाठी लोक अंडी मोजून तपशीलवार नियोजन करू लागले.

गर्दीबद्दलही एक सूचना. सप्टेंबर 2005 मध्ये झुल'गुरुब नावाचं नवं मंदिर उघडलं. तिथला हक्कार नावाचा रक्तदेव लढताना एक संसर्ग टाकायचा आणि तो जवळच्याला लागायचा. तो मंदिरातच राहणार होता. हंटरांच्या जनावरांनी तो बाहेर नेला. जनावराला लढाईत परत पाठवायचं आणि शहरात पुन्हा बोलवायचं, की ते रोगासकट हजर. मोठी माणसं तग धरत होती, नवखे क्षणात मरत होते आणि दुकानदार न मरता रोग वाटत होते. चौकात सांगाड्यांचा खच. काही हीलर स्वतःहून धावून आले, काही लोक रानात पळाले आणि काही महाभाग मुद्दाम गर्दीत जाऊन रोग पसरवत होते. शेवटी सर्व्हरच धुऊनपुसून काढावे लागले. साथीच्या रोगांच्या अभ्यासकांनी 2007 मध्ये याच्यावर शोधनिबंध लिहिले आणि 2020 मध्ये आपण सगळे घरात बसलो तेव्हा ते पुन्हा वाचले गेले. सूचना एवढीच, की कुणाचं जनावर शिंकताना दिसलं तर लिलाव उद्या बघा.

शेवटची पायरी रेड. मोल्टन कोअर नावाच्या तप्त गुहेत चाळीस माणसं आणि दहा मोठे राक्षस. 2005 मध्ये शेवटच्या रॅग्नरॉसला पाडायला खेळ सुरू झाल्यापासून पाच महिने लागले होते. 2019 मध्ये एका गिल्डने, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या संघाने, त्याला पहिल्या आठवड्यातच लोळवलं, तेही काही गडी साठावर पोचलेले नसताना. राक्षस तोच होता. मधल्या काळात माणसांकडे स्प्रेडशीट आली.

भारतात वॉरक्राफ्टचा सर्व्हर नाही. आपली मंडळी बहुतेक युरोपच्या सर्व्हरवर जातात आणि तिथल्या रात्री आठचा रेड आपल्याकडे हिवाळ्यात मध्यरात्री साडेबाराला सुरू होतो. म्हणून पुण्या-नाशकातल्या खेळाडूला तीन युक्त्या जास्तीच्या लागतात. राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. ज्या वारी रेड त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊची मीटिंग घेऊ नका. आणि माइक बोलण्यापुरताच उघडा, कारण गल्लीतली कुत्री भुंकायला लागली की स्वीडनमधला रेड लीडर सगळ्यांना थांबवून विचारतो की गुहेतले राक्षसी कुत्रे, कोअर हाउंड, कुणी ओढून आणले.

गुहेत बॅरन गेडॉन नावाचा एक जळता राक्षस आहे. तो अधूनमधून एकाला जिवंत बॉम्ब करतो. बॉम्ब झालेल्याने काही सेकंदांत सगळ्यांपासून लांब पळायचं आणि एकट्याने फुटायचं. कोपरा आधी ठरलेला असतो. लीडर नाव घेऊन ओरडतो. एकोणचाळीस जण त्या एकाकडे बघतात आणि तो एक हमखास स्वयंपाकघरात चहा टाकत असतो. त्याचं पात्र हीलरांच्या घोळक्यात शांत उभं. हेडफोन टेबलावर ठेवलेला, त्यातून बारीक आवाजात स्वतःचं नाव येतंय. लांबून आईचा आवाज, "अरे, कुणीतरी हाका मारतंय तुला त्या डब्यातून!" सगळे हीलर हवेत. त्यांच्या मागोमाग बाकीचे. मग चाळीस भुतं स्मशानातून गुहेपर्यंत धावत निघतात आणि त्या धावण्यात जे बोलणं होतं त्याने गिल्डं बनतात किंवा मोडतात.

राक्षस पडलाच तर त्याच्याकडून दोन-चार वस्तू निघतात आणि माणसं चाळीस. मग भांडणं टाळायला डीकेपी, म्हणजे ड्रॅगन मारल्याचे गुण. ही पद्धत वॉरक्राफ्टच्याही आधीची, एव्हरक्वेस्ट नावाच्या जुन्या खेळाच्या काळातली. हजेरीचे गुण मिळवायचे आणि वस्तू घेताना ते खर्च करायचे. इथे दोन स्वभाव दिसतात. एक पहिल्याच रात्री सगळे गुण मनगटपट्ट्यावर उडवतो. दुसरा एकाच तलवारीसाठी गुण साठवत राहतो, ती तलवार काही पडत नाही, आणि ज्या रात्री पडते त्या रात्री त्याच्या मेहुण्याचं लग्न असतं. माझं झुकतं माप पहिल्याला. मनगटपट्टा निदान हातात तरी असतो.

युरोपात दर बुधवारी सर्व्हर ताजा होतो आणि रॅग्नरॉस नव्याने आपल्या लाव्हाच्या कुंडात हजर होतो. त्याच्या आगीपासून वाचवणारे काढे प्रत्येकाला लागतात आणि सगळे ते रेडच्या तासभर आधी शोधतात, तेव्हा भाव दुप्पट झालेला असतो. आधीच्या शुक्रवारी घेऊन ठेवा. पाचाचा एक गठ्ठा होतो आणि एकच खण लागतो. झोळीत जागा नसेल तर तो मासा आता विका.